एका छताखाली

मोतीबाईंचं शिलाई मशीन बैलगाडीतून उतरत होतं, तेवढ्यात दुकानासमोर ऑटो थांबला. त्यातून सुती साडीतल्या एक बाई उतरल्या. वय पन्नाशीचं असावं. बरोबर कोणी नव्हतं.

जया लगबगीने पायरी उतरली. गणवेशाच्या निविदेआधी शिलाईच्या जागेची पाहणी होणार, कोणीतरी येऊन जाईल, असा निरोप यवतमाळच्या शिक्षण विभागातून आलेला होता. पण तो माणूस इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"या मॅडम," ती म्हणाली आणि गाडीतलं मशीन दिसू नये म्हणून पुढे येऊन उभी राहिली.

ढाणकीच्या बाजारालगत जयाचं टेलरिंगचं दुकान होतं. पाटीवर तिचंच नाव होतं. आसपासच्या शाळांचे गणवेश ती वर्षानुवर्षं शिवत आली होती. गुरुजींनी मापं द्यायची आणि तिने कपडे पोचवायचे, असा साधा व्यवहार. यंदा सगळ्या तालुक्याची एकच निविदा निघाली. अट होती, एका छताखाली वीस मशिनी. जयाकडे सहा होत्या. अकोल्याच्या एका मोठ्या फर्मने शेजारचे दोन तालुके आधीच घेतले होते, आणि आता ती इथेही उतरणार असं बाजारात सगळे बोलत होते.

कापसाला भाव नव्हता, तेव्हा घरगुती शिलाईही थांबली होती. लग्नघरातले लोकही जुन्यावर भागवत होते. जयाचा नवरा भीमराज ज्या जिनिंगमध्ये कामाला होता, तिला टाळं लागलं होतं. गणवेश गेले की दुकान जाणार, हे तिच्याकडे शिवणाऱ्या सगळ्या बायांना कळत होतं.

म्हणून जया तांड्यावर गेली होती. तिथे बऱ्याच घरांत मशिनी होत्या, पण वेचणीची मजुरी आटल्यापासून त्यांच्यावर धूळ बसली होती. पाहणी होईपर्यंत मशिनी आणून बसा, कोणी विचारलं तर इथेच कामाला आहोत म्हणा, एवढंच तिने मागितलं. तांड्यावरच्या वयस्क मोतीबाईंनी आधी नाही म्हटलं. मग स्वतःच गाडी जुंपली.

मॅडम आत आल्या. त्यांनी चहा नको म्हटलं. एकेका मशीनपाशी थांबून त्या शिवण बघत होत्या. कॉलर उलटी करून टाका दोन्ही बोटांनी ताणत होत्या. दिवसाला किती सदरे निघतात, काज कोण करतं, बटणं कुठून येतात, सगळं त्यांनी विचारलं. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "भाव काय लावणार आहात?"

"ते बंद पाकिटात राहील, मॅडम," जया म्हणाली.

मॅडम पहिल्यांदाच किंचित हसल्या. मोतीबाईंकडे वळून त्यांनी इथे किती वर्षं झाली, असं विचारलं.

मोतीबाईंनी जयाकडे पाहिलं. ठरलेलं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. एवढ्या वयाच्या बाईला आपल्यासाठी खोटं बोलायला लावलं, हे जयाला त्या क्षणी सोसेना.

"त्या आजच आल्या," ती म्हणाली. "सहा मशिनी माह्या हाय. बाकीच्या या बायायच्या घरच्या. तुमाले दाखवाले आणल्या. पण काम आलं तर याच बाया शिवतीन, हे खोटं नाही."

दुकानातल्या साऱ्या मशिनी थांबल्या. मॅडमनी दाराशी जाऊन पाटी वाचली आणि त्या परत आल्या.

"ह्यांना कामगार म्हणून बसवू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गट करा. उमरखेडला नोंदणी होते. सभासदांच्या मशिनी गटाच्या धरतात, नियमात ते बसतं. पण मग हे दुकान तुमच्या एकटीचं राहणार नाही. ते झेपणार असेल तरच करा."

आणि त्या निघून गेल्या.

भीमराजला हे पटलं नाही. "तुह्या हातानं उभं केलं, आता दुसऱ्याच्या नावानं कायले करतं?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. जयालाही रडू आलं, पण ती मागे फिरली नाही. तिने उमरखेडच्या खेपा घातल्या, मोतीबाईंना अध्यक्ष केलं, तांड्यावरच्या आणि गावातल्या बाया सभासद झाल्या. रंगाऱ्याने पाटीवरचं तिचं नाव पुसलं तेव्हा ती आत जाऊन बसली.

पुढे विभागाचा एक कारकून आला. त्याने मशिनी मोजल्या, गटाची कागदपत्रं पाहिली आणि पाहणीचा दाखला दिला. मॅडमनीच याला पाठवलं असणार, असं जया मोतीबाईंना म्हणाली.

निविदा उघडायच्या दिवशी दोघी एसटीने यवतमाळला गेल्या. सभागृहात माणसं बरीच होती, पण पाकिटं दोनच निघाली, अकोल्याच्या फर्मचं आणि गटाचं. साहेबांनी दोन्ही दर वाचून दाखवले. गटाचा कमी होता.

मोतीबाईंनी जयाचा हात घट्ट धरला. जयाचे डोळे समोरच्या अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांवरून फिरत होते. मॅडम तिथे नव्हत्या. त्यांच्यामुळे हे झालं, आणि आज त्याच नाहीत, याची तिला हुरहूर लागली. बाहेर पडताना त्यांच्या ऑफिसात जाऊन पाया पडायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

साहेबांनी चष्मा काढून सभागृहाकडे पाहिलं. "अकोल्याच्या फर्मच्या मालकांची काही हरकत?"

मागच्या बाकावरून मॅडम उठून उभ्या राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही."