नित्यपाठाचा पाहुणा

शत्रूचा मत्सर करणे सोपे असते. परंतु ज्याच्या मुखातून पवित्र वचन ऐकू येते त्याचाच मत्सर वाटू लागला, तर अंतःकरणाने आश्रय कोठे शोधावा? वृद्ध घड्याळजीची अवस्था तशी झाली होती.

“आज केस विंचरून घेतले का तिने?” त्याने धाकट्या बहिणीला पत्नीविषयी विचारले.

“घेतले. बाहीचं तुटलेलं बटणही माझ्याकडून शिवून घेतलं.”

“त्याच्यासाठी.”

“वाचनासाठी, दादा.”

“मी समोर गेलो की तिला बटण आठवत नाही.”

विवाहापासून पतिपत्नीचा एक नेम होता. रोज सकाळी पवित्र शास्त्रातील एक उतारा वाचायचा आणि त्यातील एक तरी वचन दिवस मावळण्यापूर्वी आचरणात आणायचे. सत्याविषयी वाचले त्या दिवशी घड्याळजीने एका गिऱ्हाइकाला थांबवून सांगितले होते, “तुमच्या घड्याळाचं चाक बदललं असं मी काल म्हणालो. बदललं नाही, नुसतं पुसलं.” क्षमेविषयी वाचले त्या दिवशी पत्नी आपण होऊन शेजारणीकडे गेली आणि जुना अबोला सोडून आली. संध्याकाळी दोघे एकमेकांची परीक्षा घेत, आणि नापास होणाऱ्याला भांडी घासावी लागत.

पत्नीला विस्मरणाचा आजार जडला आणि हा नेम तुटला. घड्याळजीने पुस्तक उघडले की ती “राहू द्या” म्हणे आणि भिंतीकडे तोंड फिरवी. त्याच्या हातची गोळीसुद्धा ती नणंदेकडे पाहून, तिने मान हलवल्यावरच घेई.

पुढे बहिणीनेच तोड काढली आणि वाचक येऊ लागला. पुढच्या दारावर टकटक होई, बहीण दार उघडी, वाचक अदबीने खुर्चीत बसे, आणि पत्नीचा चेहरा उजळे. दिवसाचा संकल्प ती आता वाचकाला सांगे. त्या वेळात घड्याळजीच्या मेजावर एकही घड्याळ उघडले जात नसे. तिचा शब्द न् शब्द त्याच्या कानी पडे आणि मग दिवसभर काळजात सलत राही.

“काल हसली ती त्याच्याशी,” तो म्हणाला. “दोन पानं एकदम उलटली गेली, एवढ्यावरून. मी दिवसभर तिच्या अवतीभवती होतो. माझ्या वाट्याला काय आलं? ‘दार लावून घ्या.’”

“तुझा हा मत्सर मी कुणाला सांगितला ना दादा, तर लोक मलाच खुळ्यात काढतील.”

“मग बंद कर त्याचं येणं.”

“तूच कर. मग वचन तिच्या कानी कोण घालील?”

घड्याळजी म्हणाला, “रोज सत्याचं वाचन चालायचं, आणि तेही अशी लपवाछपवी करून. मला हे सोसवत नाही. आज तिला सगळं सांगतो. मग दोघांतला जो हवा तो तिने ठेवावा.”

“निवड करायला लावू नकोस तिला,” बहीण हळूच म्हणाली. “एखादे वेळी दोघेही जातील.”

तो उठून गेला.

पुढच्या दारावर टकटक झाली.

त्या दिवशीचा उतारा निष्ठेविषयी होता: दिलेला शब्द पाळावा, जोडीदाराशी एकनिष्ठ राहावे. वाचकाचा स्वर दोनदा अडखळला. वाचन संपल्यावर त्याने पुस्तक मिटले.

“मला आज तुम्हाला काही सांगायचं आहे,” तो म्हणाला.

“आधी माझा संकल्प ऐका,” ती म्हणाली. “उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

वाचकाने मिटलेले पुस्तक मांडीवर ठेवले.

“तुमचं काही चुकलं नाही. पण सकाळ झाली की मी तुमची वाट पाहते, आरशात डोकावते. हे बरं नव्हे. आमच्या ह्यांना कळलं तर त्यांना वाईट वाटेल. जरा मत्सरी आहेत.” ती किंचित हसली. “लग्नात फोटोग्राफरने माझी हनुवटी वर केली, तर दोन दिवस धुसफुसत होते.”

“फारच त्रासदायक गृहस्थ दिसतात.”

“त्यांना नावं ठेवायची नाहीत हं,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकाशी खोटं बोलले तर त्यांना घास गिळवत नाही. तुम्ही छान वाचता. पण ते वाचतात तेव्हा वाटतं, हे आपल्यालाच सांगितलंय. सध्या कामात कुठे अडकलेत कोण जाणे. आले की आमचं वाचन पुन्हा सुरू होईल.”

“आणि नाहीच आले तर?”

“येतील. शब्द दिलाय त्यांनी मला.” मग तिला आठवले. “तुम्हाला काय सांगायचं होतं?”

वाचकाने पुस्तक काखेत घेतले.

“काही नाही. निघताना प्रार्थना करावी, एवढंच.” तो उभा राहिला आणि त्याने मस्तक लववले. “प्रभू तुम्हाला राखो. तुमच्या यजमानांना सुखरूप घरी आणो, आणि दोघांना एकमेकांजवळ शांतीने राहू देवो.”

“आमेन,” ती म्हणाली.

वाचक खोलीचे दार ओढून घेऊन बाहेर आला. बहीण तेथेच उभी होती. तिने त्याच्या अंगातला कोट उतरवून घेतला.

“सांगितलंस का तिला, दादा?”

“नाही,” घड्याळजी म्हणाला. “देव तिच्या नवऱ्याचं कल्याण करो.”