चौथा टायर

दहिवलीच्या सौमित्रकडे एकाहत्तर सालची अमेरिकन गाडी होती. तिचे तीन टायर अगदी मूळचे, कंपनीतून आलेले, असं तो छातीठोकपणे सांगायचा. चौथा मिळाला की जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिला नंबर ठरलेला. तो चौथा त्याला चौक गावात, जितेशच्या गॅरेजात सापडला. आडवा पडलेला, आणि येणारा-जाणारा त्यात गुटखा थुंकत होता.

"बनावटीचा नंबर खालच्या अंगाला हाय, सायेब. उलटा करून बघा," जितेश म्हणाला आणि सौमित्रने हात लावण्याआधी स्वतः एकदा त्यात थुंकून आला.

सौमित्रने श्वास रोखून टायर उलटा केला. आतलं सगळं त्याच्या बुटांत शिरलं. तसाच वाकून त्याने नंबर वाचला. शेवटचा आकडा एक, म्हणजे एकाहत्तर. टायर पोटाशी धरून त्याने गाडीपर्यंत नेला.

प्रदर्शनासाठी गाड्या तपासायला पुण्याहून आलेल्या जाणकार बाईंनी नाकाला रुमाल लावून चारही टायर तपासले.

"जुन्या टायरवर सालाचा फक्त शेवटचा आकडा असतो. पण नक्षीवरून कळतं, हा वास मारणारा एकाहत्तरचा. तुमचे तिन्ही एक्क्याऐंशीचे आहेत, मागाहून घातलेले."

सौमित्र तसाच उठून पुन्हा चौकला गेला.

"मग तुमच्या गाडीचे माझ्या बापानंच बदलले असतील, तवा गॅरेज त्योच चालवायचा," सगळं ऐकून जितेश म्हणाला. "ह्याच्या जोडीचे आणखी तीन हायत आपल्याकडं."

"दे मग लगेच."


"संडासाच्या खड्ड्यात रचलेत, सायेब. काढा की खुशाल, फक्त खड्डा चालू हाय."