पोचल्याचा निरोप
सत्यशीलाबाईंची लेक रिना जन्मापासून मुकीबहिरी होती. शिलाईच्या नोकरीसाठी ती पहिल्यांदाच एकटी एटापल्लीहून चंद्रपूरला गेली. दुपारी तिचा मेसेज आला. बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या लटारूभाऊंनी वाचून दाखवला, "पोचली. खोली चांगली आहे." "भाऊ, हे तं कोनीबी लिहू शकते," बाई म्हणाल्या. "मले तिचे हात दिसले पायजे." भाऊंनी तसं कळवलं. लगेच व्हिडिओ आला, पण तो उघडण्याइतकी रेंज नव्हती. नुसतं चक्र फिरत राहिलं. दोघं टेकडीवर चढली. तिथे व्हिडिओ उघडला. रिनाने घरच्याच खुणांनी जेवल्याचं सांगितलं, मग उठून दार लावलं आणि कडी घालून दाखवली. "काय म्हणते पोरगी?" भाऊंनी विचारलं. "दाराले आतून कडी हाये," बाई म्हणाल्या. त्या तिथेच दगडावर टेकल्या. सकाळपासून घास उतरला नव्हता. आता त्यांना कडकडून भूक लागली.