डावीकडचं दार

"काळ्या झग्याच्या आत तुम्ही काय घालता?"

टेसानं माइकमध्ये विचारलं आणि शाळेचं सभागृह खदखदलं. मागच्या रांगेत ब्रिन आणि मॅकेना एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. टेसा कुचेरा हा प्रश्न विचारणार नाही. विचारलाच, तर तिला मिल्कशेक.

फेडरल अपील कोर्टाचे तीन न्यायाधीश आज त्यांच्या शाळेत आले होते, मुलांसमोर एक खराखुरा खटला चालवायला. जिथं दर वसंतात नाटक होतं त्या स्टेजवर लांब टेबल मांडलं होतं, मागं झेंडा, आणि मधल्या खुर्चीत न्यायमूर्ती हॅगर्टी. याच गावचे, याच शाळेचे. कायद्याचे विद्यार्थी, मग कायद्याचे प्राध्यापक, मग चाळिशीत थेट अपील कोर्ट, आणि खुर्ची तहहयात. हा सगळा जीवनपट सकाळी टेसानंच वाचून दाखवला होता. वाचताना तिला उगाचच वाटलं होतं की हे सगळं आपल्याच बाबतीत घडलंय.

हॅगर्टी मनापासून हसले. "पांढरा शर्ट घालतो, बाळ. कडक इस्त्रीचा. झग्यात कोणाला दिसत नाही, पण मला ठाऊक असतं ना."

पुन्हा हशा. पैज जिंकली होती. टेसानं आता खाली बसायचं होतं.

पण टेसाच्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंच्या मांडीवरही पांढरा शर्ट होता. कडक इस्त्रीचा, लाँड्रीच्या प्लॅस्टिकमध्ये.

सकाळी जीवनपट वाचून टेसा जागेवर आली, तेव्हा त्या बाईंनी हळूच विचारलं होतं, "बाळ, त्याला कुठल्या दारातनं आणतील गं?"

"कोणाला?"

"माझ्या कर्टिसला. आज त्याचीच केस आहे ना. मागच्या खटल्याच्या वेळी वकील म्हणाले होते, तुरुंगातल्या कपड्यांत नको दिसायला, घरचा शर्ट आणा. म्हणून आणलाय. पहाटेपासनं गाडी चालवतेय, पण चुरगळू दिला नाही."

टेसाला काय ठाऊक? पण 'ठाऊक नाही' म्हणायची तिला सवयच नव्हती. "डावीकडच्या," तिनं ठोकून दिलं.

मग सकाळभर वाद झाला तो डिकीवर. पोलिसांनी परवानगीशिवाय गाडीची डिकी उघडली, ते कायद्यात बसतं की नाही. डिकीचं कुलूप, डिकीची फट, डिकीत सापडलेली बंदूक. कर्टिस ग्रिग्स हे नाव कोणी घेतलं नाही. तो 'अपीलकर्ता'. त्याला झालेली नऊ वर्षांची सजाही त्या डिकीतच कुठंतरी पडून होती.

मिसेस ग्रिग्स डावीकडच्या दाराकडे बघत राहिल्या. एकदा ते उघडलं. त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. शाळेचा शिपाई न्यायाधीशांसाठी पाणी घेऊन आला होता.

"अजून एक प्रश्न आहे," टेसा माइकमध्ये म्हणाली.

"टेसा," ओल्सन सरांनी दटावलं, "प्रत्येकी एकच ठरला होता."

"छोटासा आहे, सर. ज्याची डिकी होती, तो कुठंय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. हॅगर्टी कौतुकानं पुढं झुकले.

"या खटल्याबद्दल मला बोलता यायचं नाही. पण रीत सांगतो. अपिलात माणसाला आणत नाहीत. माणसं खालच्या कोर्टात. आमच्याकडे येतात ते कागद. सव्वीस वर्षं या खुर्चीवर बसलोय, हजारो निकाल दिले, पण ज्यांचे निकाल दिले त्यांतल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. आणि तेच बरंय. तोंड बघून माणूस फसतो. कागदाला तोंड नसतं."

"पण त्याची आई आलीये," टेसा म्हणाली. "शर्ट घेऊन."

हॅगर्टींची नजर टेसावरून शेजारच्या खुर्चीकडे सरकू लागली आणि अर्ध्यातच थांबली. मग ते सगळ्या सभागृहाला उद्देशून म्हणाले, "ही मुलगी बघा. एक दिवस माझ्या खुर्चीत बसेल."

ओल्सन सरांनी टाळ्या सुरू केल्या. सुटका झाल्यासारखं सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. टेसाचे कान तापले. कशाबद्दल वाजवताय? एका आईकडे बघायचं टाळलं, याबद्दल?

ती वळली. मिसेस ग्रिग्सही टाळ्या वाजवत होत्या. शर्ट काखेत सांभाळून, मन लावून, न्यायमूर्तींना दिसावं म्हणून हात जरा उंच धरून.

बाहेर पडताना ब्रिन धावत आली. "जिंकलीस बाई. मिल्कशेक कुठला घेणार?"

"तुम्हीच प्या," टेसा म्हणाली.

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. आईनं कोलाचे, आलुबुखार भरलेले गोड पाव, भाजले होते. एरवी ते फक्त सणाला होत. बाबा ताटातला तिसरा उचलत म्हणाले, "फेडरल अपील कोर्ट. तहहयात खुर्ची. कुचेरांनी आजवर तहहयात फक्त गोठा साफ केलाय."

टेसानं पाठीवरची बॅगही काढली नव्हती.

"मी जज होणार," ती म्हणाली. "पण त्यांच्या खुर्चीत नाही बसणार. खालच्या कोर्टात बसणार. आणि वर बोलावलं तरी जाणार नाही."

"खालच्या?" बाबांचा घास हातातच राहिला. "अगं, लोक वर चढायला जीव टाकतात."

"टाकू देत."

"पण खाली आहे काय एवढं?" आईनं विचारलं.

"खाली दार उघडतं, आई," टेसा म्हणाली. "आणि माणूस आत येतो."