नवसाची मुलगी

१९५७ साली वसईतल्या एका वाडीत थोरल्या इजाबेलची पेटी भरली जात होती. मठातून सांगितलेल्या पांढऱ्या चादरी, टॉवेल, जपाची रोजरी, सारं धाकटी कार्मेलिनच हौसेने घड्या घालून ठेवत होती. इजाबेल भिंतीशी बसून रडत होती.

“आये, देवाची हाक मला आलीय,” कार्मेलिन म्हणाली. “तिच्याऐवजी मला पाठव.”

“तापात ही जगली तर सिस्टर करीन, असा नवस बोलले होते मी. आता देवाला फसवू होय?”

“मला कसलीच हाक नाही आली,” इजाबेल हुंदक्यांतून म्हणाली. “आणि पास्कू थांबलाय माझ्यासाठी.”

“त्या घरी कार्मेलिन जाईल,” म्हणत आईने पेटीला कुलूप घातलं.

तसंच झालं. नवस फेडल्याच्या समाधानात आई गेली. सिस्टर इजाबेल मठाच्या शाळेत म्हातारी झाली. तिच्या छडीला पोरी चळाचळा कापत. पास्कू दारू प्यायला की बायकोला “इजाबेल” म्हणून हाक मारी. आणि जिला देवाने तिच्याच नावाने बोलावलं होतं ती कार्मेलिन, हातातलं काम टाकून, नवऱ्याच्या त्या “इजाबेल” हाकेला ओ देत राहिली.