जास्तीचं पान

आई गेल्यानंतरचा पहिला वसंत. बाबांच्या हट्टाखातर कानाए त्यांच्यासोबत मात्सुएला आली. तिच्या लग्नानंतर आईबाबा दरवर्षी इथं यायचे म्हणे. किल्ल्याजवळचा चेरीचा बहर पाहून, दोघं साकुरामोची, चेरीच्या पानात गुंडाळलेली तांदळाची मिठाई, खायला दुकानात शिरली. दुकानदारीण हसून म्हणाली, “या साहेब! जास्तीचं पान मागणाऱ्या बाई नाही आल्या?” बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर आलेल्या बशीला कानाएनं हात लावला नाही. मिठाईभोवतीचं चेरीचं खारवलेलं पान आईनं जन्मात कधी खाल्लं नव्हतं. उलगडून बाजूला ठेवायची. “बाबा, इथं तुमच्याबरोबर कोण यायचं?” “कोण म्हणजे? तुझी आई.” “खोटं बोलू नका. आईला पान आवडायचं नाही.” बाबांनी मान वर केली. “तिला न आवडायला काय झालं? घरी तू होतीस. स्वतःचं पान संपलं की तिच्या बशीकडे बघत बसायचीस.”