चाचणीचा आवाज

डिजिटल माइकमधला आवाज संगणकापर्यंत पोचवणारा ड्रायव्हर नव्या इंजिनिअरने लिहिला होता. तपासायला बसलेल्या मॅडमना त्याच्या कोडमध्ये चूक काही सापडेना. मग त्यांनी सोबतचं चाचणीचं रेकॉर्डिंग लावलं, तर शब्दाशब्दाला पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा वाजत होतं. "आवाजाचे तुकडे दुबार येताहेत, दुरुस्त करा," असा शेरा मारून त्यांनी कोड परत धाडला.

थोड्या वेळाने तो स्वतःच त्यांच्या टेबलापाशी आला. एरवी सगळं लिहूनच कळवायचा, म्हणून ऑफिसने त्याला घुम्या ठरवून टाकलं होतं.

"को... को... कोड बरोबर आहे, मॅडम. मी बो... बोलतोच असा."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दु... दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊन पाठवतो," तो खालमानेने म्हणाला.

"मुळीच नको." त्यांनी आधी शेरा पुसला. "चूक माझ्या कानांची होती. यापुढे प्रत्येक ड्रायव्हर तुझ्याच आवाजावर तपासू, चालेल तुला? ज्याने यातलं एक अक्षर जरी गाळलं, तो नापास."